सगळे रडले तेव्हा तू हसलीस

ताना, काल शाळा सुटल्यावर शेताच्या धुऱ्यानं घरी येत होते, तर निंदणाच्या बायांनी मला अडवलं. पारबता सगळ्यांत पुढं. तुझ्या जाण्याचा विषय काढला तर मी तिथंच बसकण मारीन अशी तिला धास्ती असावी, म्हणून तिनं भलतंच विचारलं. "मास्तरीनबाई, त्या शिंप्याचं मंग काय झालं व? तानानं आमाले ठेसनापावतर आनलं अन् तिथीच सोडून देलं."

मी म्हटलं, "पुढं काही नाही. सिनेमा तिथंच संपला."

सगळ्या जणी माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मी पदराखाली काही लपवून नेत आहे. पारबता म्हणाली, "तुमाले सांगाचं नसन तं राहू द्या बाई. पुढं हाय म्हून तानानंच सांगतलं आमाले." आणि त्या खाली वाकून कामाला लागल्या. मी वरोऱ्याहून आलेली तुझी भावजय, सातवी पास, या गावातली निम्मी पोरं माझ्या हाताखाली बाराखडी शिकली. पण एका शिंप्याच्या बाबतीत माझा शब्द कोणी धरत नाही. तू गेलीस तरी तुझंच खरं.

घरी येऊन सवयीनं हाक मारायला तोंड उघडलं. पारबता काय म्हणाली ते तुलाच सांगायचं होतं. दुसऱ्या कोणाला सांगून त्यातली गंमत कळणार आहे? तुझ्या दादांना सांगितलं तर ते नुसते हूं म्हणाले आणि गोठ्यात गेले. ते हल्ली गोठ्यातच असतात. बैलांना इतक्या वेळा पाणी दाखवतात की बैलही कंटाळले असतील.

मार्कंड्याच्या जत्रेत तंबूतला सिनेमा आला आहे, ही बातमी दौलतनं आणली होती. दौलत म्हणजे तुझ्या दादांचा लहानपणचा सोबती, नदीपलीकडच्या गावचा, आपल्याच जातीतला. बायको बाळंतपणात गेल्यावर तो माजरीच्या कोळशाच्या खाणीत कामाला लागला आणि शिवरात्रीला तेवढा गावी यायचा. "चला सारे, मी दाखवतो," म्हणाला. तुझी माय म्हणाली, "चित्रं पाहाले मी का लहान पोरगी आवो?" आणि गाडी जुंपायच्या आधी तीच गाडीत जाऊन बसली होती. आठवतं ना? तिनं बसायला घरचं पोतंसुद्धा घेतलं होतं, जागा चांगली मिळावी म्हणून.

तंबूत एका बाजूला बाप्ये, एका बाजूला बाया, मधे बांबूला धोतर बांधलेलं. यंत्र एकच. एक रीळ संपलं की दिवे लागायचे, यंत्रवाला दुसरं चढवायचा, तोवर लोक पाणी पिऊन यायचे, सुपारी कातरायचे, पोरांना मुतवून आणायचे. आपल्या लोकांना त्याचं काही वाटलं नाही. आपण रात्र रात्र दंडार बघणारी माणसं; मधेच खेळ थांबतो, कोणीतरी उठून नटाला बक्षीस पुकारतो, खेळ पुन्हा सुरू होतो. म्हणून पहिल्यांदा दिवे लागले तेव्हा कोणी एक फेटेवाला बाबा उभा राहिला आणि त्यानं शिंप्याच्या कामावर खूश होऊन बक्षीस पुकारलं. यंत्रवाला "बैठ जाओ, बैठ जाओ" म्हणून ओरडायला लागला, तर बाबा म्हणाला, "तुले नाई देऊन राह्यलो गा, त्याले देऊन राह्यलो." तू तेव्हापासून जी हसायला लागलीस ती थांबलीच नाहीस.

सिनेमा होता त्या शिंप्याचा आणि शाळेतल्या बाईचा. ती त्याच्याकडे पोलकं शिवायला टाकते. त्याला ती आवडते, पण बोलायची हिंमत नाही. मग तो मुद्दाम एक बाही आखूड शिवतो, म्हणजे ती भांडायला परत येईल. ती येते. तो दुरुस्त करतो आणि गळा बिघडवतो. ती पुन्हा येते, पुन्हा भांडते. पोलकं काही अंगाला बसत नाही आणि येणं-जाणं काही थांबत नाही. हळूहळू तिलाही कळतं, तो मुद्दाम करतो ते. तरी ती दुसऱ्या शिंप्याकडे जात नाही. बाया हसून हसून एकमेकींच्या पाठीवर थापा मारत होत्या. तुझी माय पडद्याकडे बोट करून शिंप्याला म्हणाली, "कपडा खराब करून राह्यला रे भाड्या, कपडा." मग त्या बाईची दूरच्या गावी बदली होते. ती आगगाडीत बसते. शिंपी धावत स्टेशनवर येतो आणि खिडकीतून तिच्या हातात पोलकं देतो. ती ते अंगाला लावून बघते. या वेळी ते बरोबर झालेलं असतं. बाही, गळा, सगळं. म्हणजे आता परत यायचं काही कारणच उरलं नाही. तो विचारतो, येशील का. ती नुसती हसते. गाडी सुटते. तो हात वर करून उभा राहतो, आणि दिवे लागतात.

दिवे लागले तरी कोणी उठेना. सगळ्यांना वाटलं, रीळ बदलतो आहे. बाप्ये पाणी पिऊन परत आले आणि पोत्यावर बसले. बायांच्या डोळ्यांना पदर लागलेले, पण त्या बसून राहिल्या, कारण आता लग्न व्हायचं होतं. यंत्रवाला पेट्या बंद करायला लागला तेव्हा कोणीतरी म्हणालं, "लाव ना गा पुढचं." तो म्हणाला, "खतम हो गया." "खतम कसं होईन? लगन कुठी झालं?" तो बिचारा खुणा करून सांगतो आहे आणि लोक त्याला म्हणत आहेत की आम्ही तिकीट पूर्ण खेळाचं काढलं आहे. आपल्या दंडारीत जोडा फुटतो तो शेवटी जुळण्यासाठीच. जुळल्याशिवाय कोणी घरी जात नाही.

आणि तू हसत होतीस. मघाच्या गमतीचं हसणं नव्हतं ते. सगळ्या बाया नाक पुसत असताना तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून अंग हलेपर्यंत हसत होतीस. मायनं तुझ्या मांडीला चिमटा काढला. विधवा बाईनं जत्रेत असं खिदळावं, तेही दुसऱ्याच्या रडण्याच्या वेळी, हे तिला बघवेना. तू तोंडात पदर कोंबलास आणि पदरातून हसत राहिलीस.

दुसऱ्या दिवशी नदीत आंघोळी झाल्यावर गाडीच्या सावलीत बसून आपण मुरमुरे खात होतो, तेव्हा भांडणाला तोंड लागलं. तुझी माय पहिली. "माहा तं जीव भरला. पोट्टा शेवटी कामाचा निंगाला. आंधी झोल करे, मंग कपडा बराबर शिवून देला. मानूस सुधरला." तुझे दादा म्हणाले, "कायचा सुधरला? ते बाई उतरली असती गाडीतून तं काय बिगडलं असतं? आपले पैसे पान्यात गेले." मी तर तापलेच होते. म्हटलं, तो शिंपी शुद्ध मूर्ख. एक बाही पुन्हा आखूड ठेवली असती तर ती परत आली असती. नीट पोलकं देऊन त्यानं आपल्या हातानं दार लावून घेतलं. दौलत खाली बघून मुरमुऱ्यातले खडे वेचत होता. डोळे अजून लाल होते त्याचे. म्हणाला, "त्यानं बरोबर केलं वयनी. खोटं शिवून किती रोज बलावन कोनाले?"

मग सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं. माय म्हणाली, "अन् तू काऊन दात काढून राह्यली होती व?"

तू म्हणालीस, "खेळ संपलाच कुठी? एक रीळ राह्यलं. त्या यंत्रवाल्यानं दुसऱ्या खेळाची घाई म्हून लावलं नाई." आणि मुरमुऱ्याची मूठ तोंडात टाकलीस. त्यावर मी तुला किती समजावलं असेन. वरोऱ्याला मी पाहिलं आहे, सिनेमे असेही संपतात, पुढचं आपण मनात समजायचं असतं. तू म्हणायचीस, "मनातच पाहाचं होतं तं तिकीट कायले काढलं?"

पण तू हसलीस का, ते सांगितलंच नाहीस. मी विचारायचं कधी सोडलं नाही. एकदा म्हणालीस, शिंप्याची मिशी एका बाजूनं निघाली होती. एकदा म्हणालीस, तुला आगगाडी बघून हसू आलं. एवढी मोठी गाडी आणि चाल शंभर पायांच्या घोणीसारखी. तू आगगाडी पहिल्यांदाच पाहिली होतीस, तीही पडद्यावर. एकदा रागावून म्हणालीस, "मी तुले पुसतो काय, तू काऊन रडली म्हून?" विचारायला हवं होतंस. मी सांगितलं असतं.

होळीनंतर दौलत पुन्हा आला, आणि या वेळी तो तुझ्या दादांशी बोलायला आला होता. आपल्या जातीत पाट लागतो. विधवा बाईनं मनात आणलं तर चार पंचांसमोर दुसरं घर मांडता येतं. वाजंत्री नाही, मांडव नाही, पण घर मांडलं जातं. लग्नात पोरीला कोणी विचारत नाही, पाटात मात्र विचारावंच लागतं. आणि तिनं ते चारचौघांत बोलायचं नसतं. ती आपल्या मायजवळ हो किंवा नाही म्हणते, माय पंचांना सांगते, आणि मायच्या शब्दावर पुन्हा कोणी प्रश्न करत नाही. मी सून म्हणून आले तेव्हा मला हा रिवाज फार आवडला होता. आमच्या वरोऱ्याच्या घरात एवढंही कोणी विचारलं नसतं.

माय मुळातच विरोधात. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "खानीत मानूस जिता जाते अन् कोळसा होऊन येते. एकदा पोरीचं कुकू पुसलं म्या. दुसऱ्या डाव मी नाई पाहनार." तुझे दादा म्हणाले, तिला ठरवू दे. आणि तू चुलीपाशी बसून पानगा उलटत होतीस, जणू शेजारच्या घरातलं बोलणं चाललं आहे. दौलत जाताना दारात घुटमळला. तू बाहेर न बघता म्हणालीस, "धानाचा रोवणा झाल्यावर सांगतो म्हना." तो म्हणाला, "बरं." एवढंच. मला वाटलं होतं, निदान दोन शब्द तरी जास्त बोलेल. पण त्या माणसाला शब्द काढायला खाणीपेक्षा जास्त मेहनत पडते.

मग मी तुझ्या मागे लागले. दळताना, पाणी भरताना, मोहा वेचताना. हो म्हण. माजरीला रेल्वे आहे, दिवाबत्ती आहे, माणूस चांगला आहे, दारू पीत नाही, रडला तर लपवत नाही. आणखी काय पाहिजे? तू कधी म्हणायचीस, "मी गेल्यावर तुले रोवण्यात कोन सोबत करन?" कधी म्हणायचीस, "मायले कोन पायन?" कधी नुसतीच म्हणायचीस, "एक रीळ बाकी हाय, दम धर ना." हे ऐकलं की माझं डोकं फिरायचं. मी म्हणायचे, अगं तो सिनेमा होता, हा जिवंत माणूस आहे. तू म्हणायचीस, "तेच तं."

सोबत तू केलीस, हे खरंच. पहिल्या वर्षी मी रोवण्यात उतरले तेव्हा रोप कोपरापर्यंत चिखलात खुपसत होते. बाया हसायच्या. तू माझ्या शेजारची ओळ धरलीस आणि माझी रोपं एका हातानं वर ओढत, दुसऱ्या हातानं आपली लावत तो बांधाआतला धानाचा सगळा तुकडा पार केलास. संध्याकाळी म्हणालीस, "तुमच्या वरोऱ्यात कापूस पेरते म्हने. म्हून खड्डा करून राह्यली होती काय?" मला माहेर सोडून आल्याचं दुःख होतं ते त्या दिवशी कमी झालं. तुला हे कधी सांगितलं नाही. नणंद-भावजयींनी असं बोलायचं नसतं, चिडवायचं असतं, म्हणून राहून गेलं.

या वर्षीच्या रोवण्यात तू सिनेमा सांगायला घेतलास. ज्या बाया जत्रेला आल्या नव्हत्या त्यांच्यासाठी. गुडघाभर चिखलात, डोक्यावर पानांचा मोरा, पाऊस पाठीवर, आणि तू शिंप्याचा आवाज काढते आहेस. बाया इतक्या रंगल्या की ओळी वाकड्या जायला लागल्या. आणि प्रत्येक बांधात तुझा शेवट निराळा. पाटलाच्या बांधात ती बाई परत आली, कारण नव्या गावच्या पाण्यानं ती जाड झाली आणि पोलकं पुन्हा घट्ट झालं. आपल्या बांधात शिंप्यानं दुकान गुंडाळलं आणि तिच्या शाळेसमोर जाऊन मांडलं. तळ्याखालच्या बांधात दोघांचं काहीच झालं नाही. ती आपल्या शाळेतल्या पोरांचे सदरे त्याच्याकडे शिवायला पाठवत राहिली. पारबताला दुकानाचा शेवट आवडला. म्हातारी सखूबाई म्हणाली, "सदऱ्याचं बरं हाय. कामाचं काम होते अन् डोक्याले ताप नाई." त्यावरून दोघी अशा भांडल्या की पारबता दुसऱ्या दिवशी सखूबाईच्या शेजारी उभी राहिली नाही. मी मधे पडून म्हटलं, "यातलं काहीच नव्हतं सिनेमात." तू मान वर न करता म्हणालीस, "हे झोपली होती." आणि सगळ्या माझ्यावर हसल्या.

मी मात्र प्रत्येक शेवट कान देऊन ऐकत होते. तू जो शेवट पुन्हा पुन्हा सांगशील तोच तुझ्या मनातला, असं मला वाटायचं. तू एकही दुसऱ्यांदा सांगितला नाहीस.

शेवटच्या दिवशी शेवटच्या बांधात तू पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केलीस. स्टेशनपर्यंत आणलंस. शिंप्यानं पोलकं खिडकीतून दिलं आणि तुझे दात वाजायला लागले. बायांना वाटलं, तेही सोंगच आहे. तू म्हणालीस, "थांबा व, बाकीचं उद्या सांगतो." घरी येताना तुझा हात माझ्या खांद्यावर होता आणि तो तव्यासारखा भाजत होता. त्या रात्री माझं लेकरू किरकिरत होतं म्हणून मी आतल्या खोलीत होते. माय तुझ्या उशाशी बसली होती.

शाळेच्या पेटीत हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या होत्या त्या दिल्या. ताप उतरला, पुन्हा चढला. पुजाऱ्यानं अंगारा दिला, तोही लावला. मी या गोष्टींवर हसणारी बाई, मीच तो तुझ्या कपाळाला लावला. शेवटी तुझे दादा म्हणाले, गडचिरोलीच्या दवाखान्यात न्यायचं. बाजेवर गोधडी टाकून तुला निजवलं, चौघांनी बाज उचलली, मी छत्री धरून शेजारून चालले. नाल्यापर्यंत आलो आणि बघतो तर नाला दोन्ही थडी भरून चाललेला. आम्ही उन्हाळ्यात वाळूत हरभरे भाजून खातो तो नाला. दादा कमरेला दोर बांधून उतरले, पाण्यानं त्यांना फेकून परत काठावर आणलं. पुन्हा उतरले, पुन्हा तेच. मग माणसांनी त्यांना धरून ठेवलं.

आम्ही बाज मोहाच्या झाडाखाली ठेवली आणि बसलो. दुसरं काय करणार होतो? पलीकडे रस्ता दिसत होता. त्या रस्त्यानं एक मोटर गेलेलीसुद्धा आम्ही पाहिली. तू मधे मधे डोळे उघडायचीस आणि विचारायचीस, "पानी उतरलं काय व?" मी म्हणायचे, "उतरून राह्यलं." ते चढत होतं. मी पहिल्यांदा तुझ्याशी तुझ्या बोलीत बोलले, ते हे. मनात सारखं येत होतं, आता विचारावं. दौलतला काय सांगायचं ते विचारावं. पण तिथं बसून ते विचारणं म्हणजे तू आता जाणार हे मीच बोलल्यासारखं झालं असतं. मी छत्री तुझ्या तोंडावर धरून बसले. माथ्यावर सूर्य आल्यावर ढग जरा फाकले, तुझ्या पायांवर ऊन पडलं, आणि तू पुन्हा पाण्याचं विचारलं नाहीस.

दहाव्याला सगळे नदीवर गेलो. या विधीला बाया नदीवर जात नाहीत, पण माय म्हणाली मी येणार, आणि तिला धरायला कोणीतरी हवं म्हणून मी गेले. न्हावी बसला होता, पंचांतले माधोभाऊ आले होते, तुझे दादा उघड्या अंगानं बसले होते. वाटेतला तो नाला आता पोटरीएवढ्या पाण्यानं चालला होता. मी त्यात पाय घालायच्या आधी खूप वेळ उभी राहिले.

दौलत तिथं आला. निरोप त्याला माजरीला उशिरा मिळाला होता. मोटर, पायवाट, डोंगा, जे मिळेल त्यानं तो आला होता. अंगावर खाणीतलेच कपडे, डोळ्यांच्या कडांना काळं. तो रडला नाही. तुझ्या दादांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मले एकच पुसाचं हाय. तिनं काही सांगतलं काय?"

दादांनी माझ्याकडे पाहिलं. घरात तुझं मन कोणाला माहीत असेल तर मला, असं सगळेच समजतात. मी खरं तेच बोलणार होते. नाही दौलतभाऊ, काही सांगितलं नाही. तोंडाशी आलं होतं.

तेवढ्यात तुझी माय बोलली. ती आमच्याकडे पाठ करून, पाण्याकडे बघत बसली होती. तशीच बसून म्हणाली, "हो म्हनली."

ती पुन्हा म्हणाली, "माह्याजवळ म्हनली. रोवणा झाला त्या राती. हो म्हनली."

माधोभाऊंनी घसा साफ केला. "मायनं सांगतलं म्हनजे झालं," ते म्हणाले. रिवाजच तसा. दौलत सदरा काढून न्हाव्यासमोर बसला आणि त्यानं डोकं खाली केलं. नवऱ्यानं करायचं असतं तसं त्यानं सगळं केलं. दादांनी सरकून त्याला जागा दिली, आणि दोघांनी शेजारी बसून तुझ्या नावानं पाणी सोडलं.

त्या संध्याकाळी मी चुलीपाशी मायला विचारलं, "माय, खरंच म्हणाली होती का ती?" माय म्हणाली, "भाजी ढवळ. बुडाले लागून राह्यली." मी ढवळली. पुन्हा विचारलं नाही. त्या घरात, त्या रिवाजात, मायच्या शब्दावर दुसरा प्रश्न नसतो, आणि तो रिवाज मलाच आवडला होता.

ताना, तू हो म्हणाली असशील तर माझं एवढंच म्हणणं आहे की मला का नाही सांगितलंस? मी एवढी तुझ्या मागे लागले होते. तुझं हो ऐकायला मी अख्खा पावसाळा कान लावून बसले होते आणि तू ते मायच्या कानात टाकून गेलीस, तर मी रागावेन, खूप रागावेन, आणि मग मला बरं वाटेल. पण तू तसं म्हणाली नसशील तर? तुझं अजून ठरतच असेल तर? दौलतचं तोंड बघून मायनं ते हो आपल्या पदरचं काढून त्याला दिलं असेल तर? मी तिला दोष देऊ शकत नाही. तो तिथं उभा होता तसा माणूस रिकाम्या हातानं परत पाठवणं मलाही जमलं नसतं.

तेराव्याला मायनं त्याला जावई म्हणून पहिल्या पंगतीत पाटावर बसवलं. गावानं ते मान्य केलं. बाया म्हणाल्या, बरं झालं, पोरगी सवाशीण होऊन गेली. पारबतानं तुझ्या फोटोला, म्हणजे फोटो कुठं आहे आपल्याकडे, तुझ्या बाजेला हिरवी बांगडी बांधली. दौलतनं हळूच भात मागितला, मी वाढला. सगळ्यांच्या मनासारखं झालं आहे. मला जे हवं होतं तेच झालं आहे. आणि मला ते गिळवत नाही.

तुझ्या वतीनं हो म्हणायला तुझी माय होती. तुला नाही म्हणायचं असेल, ताना, तर ते आता कोण म्हणणार?